सिप्रियानचा दुखवटा

सकाळी एव्हारिस्तोने काचेच्या टाकीवरचा दिवा लावला, तर सिप्रियान जागेवर नव्हता. निळं डोकं, हिरवंगार अंग आणि मध्ये काळे-पांढरे पट्टे असलेला हा मासा कालच दुपारी एका कोळ्याने खडकातून धरून आणून दिला होता. एव्हारिस्तोने टाकीतले दगड उचलून पाहिले, टाकीमागे पाहिलं, कोचाखालीही वाकून पाहिलं. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी फ्लोरिडात. काल संध्याकाळी त्याने सिप्रियानला निम्मं आयुष्य सांगून टाकलं होतं.

बेकरीतल्या लुसिलाने विचारलं, "चेहरा का असा?"

"सिप्रियान गेला."

"अगं बाई. कधी?"

"रात्री कधीतरी. कालच आला होता माझ्याकडे."

लुसिलाने पाव बांधता बांधता सगळ्या रिंकॉन गावाला ही बातमी दिली. दुपारपर्यंत एव्हारिस्तोच्या ओसरीवर आठ माणसं जमली. समोरच्या ओब्दुलियाबाई तुरीच्या दाण्यांचा भात घेऊन आल्या.

"भाऊ का तुमचे?" कोणीतरी विचारलं.

"नाही."

"मग मित्र?"

एव्हारिस्तोने थोडा विचार केला. "तसंच म्हणायचं."

"आणि माती कुठे दिली?"

"सापडलाच नाही हो."

"समुद्रात?"

"समुद्रातलाच होता तो."

बायकांनी छातीवर क्रूस काढला आणि जपमाळा बाहेर आल्या. खरं सांगायला एव्हारिस्तोने दोनदा तोंड उघडलं. पण भात गरम होता, आणि त्या खुर्च्यांवर तीन वर्षांत कोणी बसलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ओब्दुलियाबाई प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी आल्या. तो त्यांना कॉफी देत होता, तेवढ्यात टाकीतली वाळू हलली आणि सिप्रियान अंग झटकत वर आला. एव्हारिस्तो घाईघाईने टाकीसमोर उभा राहिला.

"बसा. दिसलाय मला," ओब्दुलियाबाई म्हणाल्या. "माझे वडील कोळीच होते. ही जात नव्या जागी बुजली की दोन-तीन दिवस वाळूत पुरून घेते. पहिल्या दिवशी रिकामी टाकी पाहिली तेव्हाच ओळखलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी कॉफीत साखर ढवळली. "घरी मी कॉफी एकटीच पिते," त्या म्हणाल्या. "आणि प्रार्थना नऊ दिवसांची असते. अजून सहा दिवस आहेत."

फाटक वाजलं. लुसिला पाव घेऊन येत होती. ओब्दुलियाबाईंनी उठून टेबलावरची चादर ओढली आणि टाकीवर नीट पसरली.