बिनगावाची क्वेरी

आत्मारामभाऊंना नमस्कार केला तर ते उलट नमस्कार करत नाहीत, गाव विचारतात. "पहिले गाव सांगा, मंग बाकीचं." सुरतेच्या उधना भागातल्या आमच्या डाइंग मिलच्या कॉम्प्युटर खोलीत मी रुजू झाले तेव्हा तिथले प्रमुख असूनही त्यांनी माझं शिक्षण विचारलं नाही. मी सांगली म्हणाले, तर शहर नको, गाव सांगा म्हणाले. सर्व्हर तपासायला आलेल्या इंजिनियरने बंगळूर सांगितलं. ते राहायचं ठिकाण झालं, असं म्हणून भाऊ त्या बिचाऱ्याच्या आजोबांपर्यंत पोचले आणि गाव निघेपर्यंत त्याला सर्व्हरला हात लावू दिला नाही.

सर्व्हरला विचारायच्या प्रश्नाला आम्ही क्वेरी म्हणतो. प्रत्येक क्वेरीच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव आणि गाव हवंच, हा भाऊंचा कायदा. मी एकदा खोडी म्हणून गाव पॅरिस लिहिलं. त्यांनी क्वेरी बंद केली आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पन्नाशीचा माणूस असा रुसलेला मी पहिल्यांदा पाहिला.

आणि मग सर्व्हर बसायला लागला. रोज सकाळी सातला, नेमका पाळी बदलताना. गेटवरची अंगठ्याची मशिनं गप्प, आणि नवागाम-डिंडोलीहून सायकली मारत आलेली माणसं उन्हात रांगेत. कायम कामगारांची हजेरी नंतर हातानं लिहिली जायची. पण गैरहजर माणसाच्या जागी एका दिवसासाठी घेतात तो बदलीवाला, त्याचा अंगठा सव्वासातपर्यंत लागला नाही तर सुपरवायझर त्याला परत पाठवायचा. डबा हातात घेऊन वळणारी ती माणसं भाऊ खिडकीतून बघत राहायचे. त्या दिवसांत ते जेवायचे नाहीत.

मेमरी वाढवली, केबल बदलल्या, काही झालं नाही. शेवटी मी हट्टाला पेटले. सात वाजता सर्व्हरवर काय काय चालतं ते सगळं मी नोंदवायला लावलं आणि दुपारी भाऊंसमोर यादी वाचायला घेतली. हजेरी मोजणारी, लिहिणारा आमच्या खोलीतला कल्पेश, गाव सावरकुंडला. कॅन्टीनची, लिहिणारी मी, गाव खरं. सगळ्या झटपट संपणाऱ्या. एक मात्र कुठलीही नवी नोंद आली की चालू व्हायची आणि नव्या-जुन्या सगळ्या कामगारांची नोंद अक्षर-अक्षर चाळायची. सातला बदलीवाल्यांच्या नोंदी धडाधड येत, तेव्हा ती तितक्याच वेळा सगळं चाळत बसे. सर्व्हरचा जीव तिनंच घेतला होता.

"भाऊ, हिला नाव नाही. गावपण नाही," मी म्हणाले. चोर सापडल्याचा आनंद होता मला, खोटं कशाला बोलू.

मी क्वेरी खाली वाचत गेले. ती पिंपळखेड्याचा, धुडकू नावाचा, पंचावन्नच्या आसपासचा माणूस शोधत होती. पिंपळखेडं भाऊंचं गाव.

धुडकू त्यांचा मोठा भाऊ. धाकट्याला शिकवायचं म्हणून सतराव्या वर्षी सुरतेला मिलमध्ये आला. दोन वर्षं त्याची पत्रं आली, मग बंद झाली. भाऊ शिकले आणि त्याला हुडकायला इथं आले, ते इथलेच झाले. हे सगळं त्यांनी टेबलाकडे बघत सांगितलं. मला माझ्या पॅरिसची लाज वाटली.

मी म्हणाले, ही दुपारी एकदाच चालवू, तेव्हा लोड नसतो.

"बदलीवाला दुपारपर्यंत कुठं निघून जाईल, काय भरोसा?" ते म्हणाले.

मग फक्त नवी नोंद तपासू, मी म्हणाले. जुन्या रोज पुन्हा कशाला चाळायच्या? तिथं तो नाही, हे तर हजारदा बघून झालंय.

"नजरचूक झाली असंन, असं वाटतं ना ताई," भाऊ म्हणाले. मग त्यांनी बाहेरच्या गेटकडे पाहिलं, कीबोर्ड ओढला आणि जुन्या नोंदी चाळणाऱ्या ओळी स्वतःच्या हातानं खोडल्या. वर पहिली ओळ लिहिली: आत्माराम, गाव पिंपळखेडं.

दुसऱ्या सकाळी सातला मशिनं चालू राहिली. बदलीवाले एकेक करून आत गेले.

नंतर मी ती क्वेरी शेवटपर्यंत तपासली. माणूस सापडला तर दोन मोबाइलवर निरोप जाणार होता. एक नंबर भाऊंचा. दुसरा त्यांच्या आईचा, गावाकडचा. आई जाऊन चार वर्षं झाली होती, तेराव्याला मीच ऑफिसातून गेले होते. मी हळूच विचारलं, हा नंबर काढायचा का?

"राहू द्या ताई," भाऊ म्हणाले. "त्याचा काही लोड नाही येत."