एकशे एकतीस रुपयांची श्रीमंती

कॉलेजच्या खिडकीतून लेकीचा, निकिताचा, फॉर्म परत बाहेर आला तेव्हा कारभारीला वाटलं, फोटो उलटा चिकटला असेल.

"फीमाफीला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा पंधरा हजार," आतल्या बाई म्हणाल्या. "तुमचं झालं पंधरा हजार एकशे एकतीस. बसत नाही."

"पगार तर महिन्याला बाराशे चाळीसच हाय, बाई."

"आणि मार्चमधले हे दोनशे एक्कावन्न?"

ते हजेरीचं बक्षीस होतं. अंबडच्या एका छोट्या कारखान्यात कारभारी लेथ चालवायचा. वर्षात एकही खाडा नाही म्हणून साहेबांनी सगळ्यांसमोर पाकीट दिलं होतं. टाइमकीपरला तर त्याची इतकी खात्री, की सकाळी रजिस्टर उघडलं की कारभारीच्या नावापुढं आधी 'हजर' लिहायचा. माणूस मागून यायचा.

रांगेत कारभारीच्या पुढं गळ्यात साखळी घातलेला एक द्राक्षबागाईतदार होता. त्याचा बारा हजारांचा दाखला खिडकीनं गपकन गिळला. शेतीचं उत्पन्न सांगावं तेवढं असतं, पगाराचं मात्र पावतीवर छापलेलं असतं. कारभारीला पहिल्यांदाच त्या पावतीचा राग आला.

घरी बायकोनं, सगुणाबाईनं, हकीकत ऐकली आणि भाकरी थापता थापता विचारलं, "एक खाडा झाला असता तर बक्षीस मिळालं असतं का?"

"नाय."

"मंग माझ्या बापाच्या दहाव्याला काय म्हणून नाय गेले तुम्ही? कामावर जायचंय म्हणले. मरता मरता बाप नातीची फी भरून चालला होता, तुम्हीच त्याला आडवे आले."

कारभारीला ते पटलं. दुसऱ्या दिवशी तो टाइमकीपरकडं गेला.

"मला मागच्या मार्चात एक दिवस गैरहजर दाखवता का?"

"ऑडिट झालंय, कारभारी. लोक खाडे पुसायला येतात, तुम्ही मागायला आले."

त्या साली नऊशे रुपये फी भरायला सगुणाबाईनं दुभती शेळी विकली. त्या दिवसापासून निकितानं चहा सोडला. कारभारीला ते शेळीपेक्षा जास्त लागलं. विकायला दुसरी शेळीही नव्हती. पुढच्या वर्षी फीमाफी मिळाली नाही तर पोरीचं शिक्षण सुटणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे येत्या मार्चअखेरच्या आत एक खाडा व्हायलाच हवा होता.

ऑगस्टात तो ताप आल्याचं सांगून गोधडीत पडला. साडेनऊला सुपरवायझर स्कूटर घेऊन दारात हजर.

"नवीन लेथ अडलाय. तुम्ही नुसतं शेजारी उभं राहा."

कारभारी उभा राहिला, लेथ चालू झाला आणि हजेरी लागली. संध्याकाळी सगुणाबाईनं त्याच्याकडं असं पाहिलं, की खरोखरच ताप आल्यासारखं झालं.

शेवटी मार्चात सासऱ्याचं वर्षश्राद्ध आलं. सांगून गेलं तर साहेब भरपगारी रजा देतील, म्हणून कोणालाही न सांगता कारभारी पहाटेच्या एसटीनं बायकोसह कळवणला गेला. सासऱ्याच्या फोटोपुढं त्यानं बराच वेळ डोकं टेकवलं. मागच्या वर्षाची माफी मागितली, यंदाच्या खाड्याबद्दल आभार मानले. जेवताना मेहुण्यानं आग्रह केला तसे त्यानं चार वडे जास्त खाल्ले. परतीच्या गाडीत वर्षभरानं नवरा-बायको शेजारी बसून नीट बोलले.

मार्चअखेरीला साहेबांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं.

"लागोपाठ दुसऱ्या वर्षी एकही खाडा नाही. कारभारी, या पुढं."

कारभारी जागचा हलेना. "साहेब, माझा एक खाडा हाय. मागच्या मंगळवारी मी आलोच नव्हतो."

"मंगळवारी ट्रान्सफॉर्मर जळाला होता. गेटवरूनच सगळे परत गेले. आम्ही सगळ्यांची हजेरी धरली."

"ते गेटपर्यंत आले तरी होते. मी कळवणला होतो."

साहेबांनी रजिस्टर मागवलं. मंगळवारच्या रकान्यात सगळ्यात आधी लिहिलेलं 'हजर' कारभारीचंच होतं. टाइमकीपर बुटांकडं बघत राहिला. साहेब मात्र गहिवरले.

"पाहा. हाती आलेलं बक्षीस हा माणूस खरं बोलून परत करतोय. याला हजेरीचे दोनशे एक्कावन्न, आणि प्रामाणिकपणाचे वरती एक्कावन्न."

टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत.

घरी निकितानं वहीच्या मागच्या पानावर बेरीज केली. "आप्पा, आता एकशे ब्याऐंशीनं जास्त."

कारभारीनं पाकीट सगुणाबाईपुढं ठेवलं आणि मान खाली घालून बसला. आता दहाव्याचं निघणार, हे त्याला ठाऊक होतं. सगुणाबाईनं नोटा मोजल्या, फीच्या डब्यात टाकल्या आणि झाकण लावलं.

"सहाशे कमी हायेत. मी उद्यापासून शेजारच्या धोंडाबाईसंगं रोजानं फुलं निवडायला जाते," ती म्हणाली. "पोरगी शिकंल."

"पण खाडा वाया गेला गं."

"रजिस्टरात नसंल लागला," सगुणाबाई त्याचं ताट वाढत म्हणाली, "माझ्या बापाकडं तुमची हजेरी लागली."

मग तिनं निकितापुढं चहाचा कप ठेवला.