सात खिडक्या आणि चार पँटी

खिडक्यांचं माप आतूनच घ्यायचं असं तंतोतंतरावांनी ठरवलं, कारण आत खुर्ची होती आणि बाहेर ऊन. पुढचं सगळं महाभारत त्या एका खुर्चीपायी घडलं.

तंतोतंतराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. छत्तीस वर्षं ते कचेरीत होते, कारकुनाचे हेडक्लार्क झाले, आणि कुठलंही काम हाती आलं की म्हणायचे, तंतोतंत होईल. (होईलच असं नाही, पण म्हणायचे.) शेवटी शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले, आणि त्यांना तो मान वाटला.

त्या छत्तीस वर्षांत त्यांनी बायकोला कुठे म्हणून नेलं नाही. दर वर्षी रजेचा अर्ज लिहायचे, आणि दर वर्षी नेमका दुसराच कोणीतरी आजारी पडून त्यांची रजा खायचा. बायकोची थोरली बहीण दोन दिवसांच्या वाटेवर, समुद्राकाठी राहते. तिच्याकडे जाऊ, जाऊ म्हणता म्हणता तिची मुलं लहानाची मोठी झाली, आणि आता त्यांच्या मुलांचे दात पडायला लागले. म्हणून रिटायर झाल्याबरोबर तंतोतंतरावांनी एका थकलेल्या जादूगाराकडून त्याची जुनी घरगाडी घेतली. मोटारच ती, पण आत दोन बिछाने, शेगडी, छोटी मोरी, कपड्यांचं कपाट, आणि ड्रायव्हरच्या काचा सोडून सात खिडक्या. कप्पे तर इतके, की महिनाभर नवे नवे सापडत होते. एकातून कबुतराचं पीस निघालं.

पहिली चक्कर मारली ती नेमकी भर दुपारी. सात खिडक्यांतून सात सूर्य आत आले. बायकोला अर्धशिशीचा जुना त्रास. ती घरी आली ती डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून, आणि दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहिली. उठली तेव्हा भांडण नाही, आदळआपट नाही. चहाचा कप नवऱ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "येत्या रविवारी मी ताईकडे निघणार. गाडी गार झाली तर तुमच्याबरोबर. नाही झाली तर धाकट्याबरोबर. त्याच्या गाडीत एसी आहे."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. माणूस सोन्यासारखा, मदतीला एका पायावर तयार, आणि बोलेल ते खरं ठरायचं. एवढ्याचसाठी तंतोतंतरावांना तो डोळ्यासमोर नको असे. छत्तीस वर्षांनी बायको निघाली, आणि तीही मेव्हण्याच्या गाडीत? त्यांनी चहा तसाच ठेवला आणि तंबू शिवणाऱ्या शिंप्याचं दुकान गाठलं.

शिंप्याने सांगितलं, आतल्या पडद्यांचा काही उपयोग नाही. ऊन काचेतून एकदा आत आलं की आगंतुक पाहुण्यासारखं ठाण मांडतं, त्याला बाहेरच्या बाहेरच थोपवायला हवं. त्यासाठी चंदेरी कापडाचे पडदे खिडकीवर बाहेरून लावायचे, टिचबटणांनी. बटणाची एक वाटी कापडाला, दुसरी स्क्रूने गाडीच्या पत्र्याला. तंतोतंतरावांनी मापांचा कागद पुढे केला. सात खिडक्या, सात आकडे, खाली लाल रेघ.

"माप बाहेरून घेतलंय ना साहेब?" शिंप्याने विचारलं.

"खिडकी एकच असते. आतून बघा नाहीतर बाहेरून."

शिंप्याने कागद घडी करून खिशात ठेवला. (शिंपी लोकांनी जगात फार पाहिलेलं असतं, ते वाद घालत नाहीत.)

मंगळवारी पडदे आले. बाहेरून खिडकीची चौकट चारी बाजूंनी दोन-दोन बोटं मोठी निघाली. तान्ह्या बाळाचं टोपडं आजोबांच्या डोक्यावर चढवावं, तसा एकेक पडदा खिडकीच्या मधोमध बसला. तेवढ्यात मेव्हणा आलाच. हसला नाही बिचारा. हळूच म्हणाला, "भाऊजी, शिंप्याकडे परत जाऊया का?"

त्यातलं ते 'जाऊया' तंतोतंतरावांना झोंबलं. ते एकटे गेले, आणि या खेपेला शिंप्याला बजावलं, की सातही पडदे नवे शिव आणि प्रत्येक बाजूला सहा बोटं वाढव. शिंपी म्हणाला, दोन बोटं कमी पडली तर तीन वाढवू, सहा कशाला? पण तंतोतंतराव म्हणाले, अंगाशी आल्यावर माणसाने हात आखडता घेऊ नये. जुने सात पडदे घडी होऊन गाडीतल्या बिछान्याखाली गेले. नवे शुक्रवारी आले, ते चादरीएवढे.

त्याच शुक्रवारी बायकोने गाडीतल्या कपाटात कपडे लावले. तंतोतंतरावांनी ते खिडकीतून पाहिलं. अजून ठरलं नव्हतं कुणाबरोबर जायचं, तरी कपडे याच गाडीत. आता माघार नाही.

मेव्हण्याने स्क्रूची पुडी आणून दिली होती. छोटे छोटे, नखाएवढे. "पत्रा पातळ आहे भाऊजी, एवढे पुरेत." तंतोतंतरावांनी पुडी खिशात टाकली आणि बाजारातून बोटभर लांबीचे आणले. मेव्हण्याच्या स्क्रूवर टांगलेल्या सावलीत बसायचं, त्यापेक्षा ऊन काय वाईट?

शनिवारी उजाडताच ते ड्रिल घेऊन स्टुलावर चढले. एका पडद्याला आठ, म्हणजे छप्पन्न भोकं. घाम डोळ्यांत उतरला, अंगठा दोनदा सोलला, स्टूल तीनदा डगमगलं, पण गडी हटला नाही. बोटभर लांबीचे स्क्रू भिंतीच्या लाकडी अस्तरात गडप होत गेले. फक्त उजव्या हाताच्या मागच्या खिडकीपाशी, जिथे पडद्याचा जास्तीचा काठ आतल्या कपाटाच्या पाठीवर येत होता, तिथे स्क्रू लोण्यात गेल्यासारखे सरसर गेले. तंतोतंतरावांना वाटलं, हात बसला आता. जादूगाराने कसल्याशा खेळासाठी कपाटामागचं अस्तर काढून टाकलं होतं, आणि तिथे नुसता पत्रा होता, हे त्यांना कोण सांगणार?

भर दुपारी दोन वाजता बायको गाडीत जाऊन बसली. दार लावून घेतलं. तंतोतंतराव बाहेर उन्हात, निकालाच्या दिवशी शाळेबाहेर उभं राहावं तसे. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. तासाने दार उघडलं. बायकोच्या गालावर उशीची वळी उमटली होती.

"डोळा लागला होता," ती म्हणाली. मग तिने भावाला फोन करून सांगितलं, तू येऊ नकोस रे उद्या.

छत्तीस वर्षांत दोन बढत्या मिळाल्या होत्या, पण हा आनंद त्यांना कुठल्याच बढतीत झाला नव्हता.

रविवारी सकाळी आंघोळ करून, कमरेला टॉवेल गुंडाळून, ते गाडीतल्या कपाटापाशी गेले आणि पँट ओढली. पँट येईना. त्यांनी मन घट्ट करून ओढली. चर्र झालं. चारही पँटी कपाटाच्या पाठीला टेकून, एकीवर एक दाबून टांगलेल्या होत्या, आणि चारही पँटींतून स्क्रू आरपार गेले होते, तेही नेमके बसायच्या जागी. पाचवी पँट कालची, घामाची, साबणाच्या बादलीत भिजत होती.

त्यांना एकदम बायकोची आठवण झाली. "अगं, तुझ्या साड्या?"

"त्या डावीकडच्या कप्प्यात आहेत," ती बाहेरून म्हणाली. "तुम्ही उजवीकडे स्टूल मांडलंत ना, तेव्हाच हलवल्या."

छत्तीस वर्षांनी मेव्हणीच्या दारात पायजम्यात उतरायचं? ते शक्य नव्हतं. पायजम्यावरच गाडी काढली ती शिंप्याच्या घरी. बिछान्याखालचे जुने पडदे त्याच्यापुढे टाकले. शिंप्याने पडद्यांकडे पाहिलं, तंतोतंतरावांकडे पाहिलं, आणि टेप हातात घेतली.

"माप कुठून घेऊ साहेब? आतून की बाहेरून?"

तंतोतंतरावांनी मान खाली घालून दोन्ही हात वर केले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरगाडी समुद्राकाठच्या त्या फाटकाशी थांबली. बायको उतरली, ताईच्या गळ्यात पडली, दोघी पोटभर रडल्या. मग तंतोतंतराव उतरले. कमरेपासून घोट्यापर्यंत चंदेरी, पुढे चकचकीत टिचबटणं. मावळतीचं ऊन असं काही त्यांच्यावर पडलं, की ताईने डोळ्यांवर हात धरला. तिने गाडीच्या सात पडद्यांकडे पाहिलं. मग खाली, तंतोतंतरावांकडे.

"बसलीय मात्र छान," ती बहिणीला म्हणाली. "माप यांनीच घेतलं का?"

"छे गं," बायको म्हणाली. "म्हणून तर बसली."