फाउल नव्हता

आमचा शेजारी रामोन फुटपाथवरचं डबकं कधी साधेपणाने ओलांडत नाही. आधी पार मागे जातो, तळवे चोळतो, दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवतो आणि आपणही वाजवाव्यात अशा अपेक्षेने आपल्याकडे बघतो. माझ्या एका हातात दूध, दुसऱ्या हातात ब्रेड. मी कशाने वाजवणार?

हा माणूस तरुणपणी स्पेनकडून लांब उडी मारायचा. हे तो पहिल्या भेटीत सांगतो, दुसऱ्या भेटीत सांगतो आणि तिसऱ्या भेटीपर्यंत ती उडी थोडी लांबलेली असते. गोष्ट एकच. मोठी स्पर्धा, शेवटची उडी, पदक हातात आल्यात जमा, आणि पंचाने लाल झेंडा वर केला. पाय फळीच्या पुढे पडला, उडी बाद. “फाउल नव्हता, मेट,” रामोन म्हणतो. तेव्हापासून त्याच्या हातून एकही फाउल झालेला नाही. रिव्हर्स घेताना त्याने आमचा लेटरबॉक्स आडवा केला, तोही फाउल नव्हता.

टार्निट या आमच्या उपनगरात लोक बॅकयार्डात डेक बांधतात, कोथिंबीर लावतात. याने वाळूचा खड्डा केला आणि त्याच्या अलीकडे पांढरी फळी ठोकली. लॉकडाउन लागला तशी माझ्या प्रत्येक मीटिंगमध्ये पलीकडची धप्प धप्प ऐकू यायला लागली. मॅनेजरला वाटलं, आम्ही घराचं काम काढलंय.

आई आमच्याकडे तीन महिन्यांसाठी म्हणून आली होती, ती सीमा बंद झाल्याने अडकली. तिचं आणि रामोनचं कुंपणावरून छान जमलं. तिचं इंग्रजी यथातथा, त्याचंही तसंच, त्यामुळे दोघांना एकमेकांचं सगळं कळायचं. ती त्याला रमणराव म्हणायची. पांढरा झेंडा म्हणजे उडी मान्य, लाल म्हणजे बाद, हे त्याने तिला शिकवून ठेवलं. त्याची थोरली बहीण इनेस तिकडे स्पेनमध्ये हॉस्पिटलात आहे आणि विमानं बंद असल्याने याला जाता येत नाही, हे मला आईकडूनच समजलं. स्टेडियममध्ये पहिली टाळी इनेसची असायची म्हणे. आता तो फोन खुर्चीवर टेकवून तिला रोज उडी दाखवायचा. म्हणजे ती धप्प धप्प त्यासाठी होती.

गणपती बसले. पाहुण्यांना बंदी, म्हणून पॅटिओत आरतीला आम्ही घरचेच. टाळ्यांनी लय धरली, भराभर वाढली, तेवढ्यात पलीकडून धावती पावलं ऐकू आली. धप्प! कुंपणावर रामोनचं डोकं उगवलं. थँक्यू, म्हणाला, किती वर्षांनी कोणी नीट टाळ्या वाजवल्या. मी खुलासा करायला तोंड उघडलं, तर आईने मला चिमटाच काढला. “सांगू नकोस हं त्याला.” झालं, रोज आरतीला त्याची उडी ठरलेली. बाप्पा बिचारा दोन्हीकडे लक्ष ठेवून होता.

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी आरती झाली आणि पलीकडे काहीच वाजलं नाही. आम्ही डोकावलो. रामोन फळीजवळ जमिनीवर बसला होता. इनेस गेली होती. शेवटचं बघणंही फोनवरच झालं, म्हणाला. मला फार वाईट वाटलं, पण तोंडातून सॉरी, मेट एवढंच निघालं.

आई प्लास्टिकच्या स्टुलावर चढली आणि कुंपणावरून टाळ्या वाजवायला लागली. आधी संथ, मग भराभर. मयताच्या घरी टाळ्या! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिचा पदर ओढला, तिने तो सोडवून घेतला.

रामोन तिच्याकडे बघत राहिला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला, मागे गेला आणि धावला. उडी कसली, तो वाळूत जवळजवळ बसलाच. आईने खांद्यावरचं भांडी पुसायचं पांढरं फडकं काढलं आणि उंच धरलं.

तो तसाच बसून रडत होता. त्याच्या बुटाचा ठसा फळीच्या पुढे चांगला वीतभर उमटलेला मला इथून दिसत होता. रडून झाल्यावर त्यालाही दिसला.

“फाउल होता,” तो म्हणाला.

आईने फडकं खाली घेतलं नाही.