फर्डिनंड सर आणि 'ओव्हर'चा अर्थ

वसईतल्या होळी गावचे फर्डिनंड सर गाडीत बसले की आधी सीटबेल्ट लावत, मग क्रूसाची खूण करत आणि मग गिअरच्या दांड्यावरचं एक छोटं बटण दाबत. बटण दाबलं की समोर पिवळा दिवा लागे आणि त्यावर अक्षरं दिसत, 'ओ/डी ऑफ'. दिवा लागला की सरांना बरं वाटे. गुडघ्यामुळे क्लच दाबवत नाही म्हणून चार महिन्यांपूर्वी त्यांनी ही जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली होती आणि तेव्हापासून हा क्रम एकदाही चुकला नव्हता.

ओ/डी म्हणजे ओव्हरड्राइव्ह, एवढं त्यांनी गाडीच्या पुस्तिकेत पाहिलं होतं. पुढचं वाचलं नव्हतं, कारण अर्थ त्यांना आधीच कळला होता. बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेल्या माणसाला शब्दाचा अर्थ गाडीच्या पुस्तिकेनं सांगावा, हेच त्यांना पटत नसे.

"ओव्हर म्हणजे अति," ते सांगत. "ओव्हरलोड, ओव्हरटाइम, ओव्हरअ‍ॅक्टिंग. चांगल्या शब्दाला ओव्हर लागलं की तो बिघडला. ओव्हरड्राइव्ह म्हणजे अति गाडी हाकणं. शहाण्यानं ते बंदच ठेवावं."

"आणि ओव्हरकोट?" त्यांची बायको फ्लॉसी विचारायची.

"वसईत घालून बघ. मग कळेल."

फ्लॉसी निवृत्त नर्स. तिच्या मते ओडी म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीतली, दिवसातून एकदा घ्यायची गोळी, त्यामुळे सर रोज एकदा बटण दाबतात यात तिला काही वावगं वाटलं नाही. शिवाय वसईच्या रस्त्यांवर गाडी चाळीसच्या वर जातच नसे. बटण दाबलं काय आणि न दाबलं काय, फरक पडायचा प्रश्नच नव्हता.

खरा प्रश्न गाडीच्या चावीचा होता. चार महिन्यांत सरांनी स्वतःच्या फाटकाचा खांब दोनदा आणि शेजारच्या फ्रान्सिसची केळीची बाग एकदा गाठली होती. मुलगी प्रिस्का वैतागली होती. शेवटी तिनं अट घातली. रविवारी डहाणूला फ्लॉसीच्या बहिणीच्या नातवाचा बाप्तिस्मा, अकरा वाजता. सर त्या बाळाचे धर्मपिता. "तुम्ही चालवा पप्पा. काही लफडं न होता वेळेवर पोचलो तर गाडी तुमची, मी पुन्हा तोंड उघडणार नाही. पण एक जरी भानगड झाली तर चावी मम्मीच्या हातात. कायमची."

"मंजूर," सर म्हणाले. आयुष्यात उरलेलं एकमेव स्वातंत्र्य पणाला लागलंय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी आठला निघाले. सर गाडी चालवत होते, शेजारी फ्लॉसी, तिच्या मांडीवर पांढऱ्या आयसिंगचा केक, मागे प्रिस्का. वसई फाट्याला हायवे लागला, गाडीनं सत्तर गाठले आणि इंजिनानं जो गळा काढला तो थांबेचना.

"गाडी ओरडते का अशी?" फ्लॉसीनं ओरडून विचारलं.

"हायवेला ओरडते."

"बाजूच्या नाही ओरडत त्या!"

सरांनी दोन मिनिटं विचार केला आणि एसीचा भार पडतोय असं निदान केलं. एसी बंद झाला. गाडीत भट्टी पेटली, म्हणून काचा उघडल्या. काचा उघडल्या म्हणून शिरसाडपर्यंतच्या तमाम ट्रकांची धूळ आत आली आणि फ्लॉसीनं सकाळी दीड तास खपून बसवलेले केस उभे राहिले. केकच्या खोक्याचं झाकण उडून मागे प्रिस्काच्या तोंडावर बसलं. पांढरं आयसिंग बघता बघता चहाच्या रंगाचं झालं. इंजिन मात्र होतं तसंच बोंबलत होतं.

मग सरांनी वेग साठवर आणला. आवाज थोडा बसला. पण साठनं चालणारी गाडी उजव्या लेनमध्ये असेल तर मागचे लोक काय म्हणतात, ते त्या दिवशी तिघांनी तीन भाषांत ऐकलं. एका टेम्पोवाल्यानं शेजारी येऊन डोकं बाहेर काढलं. "चाचा, गिअर बदलो, गिअर!"

"ऑटोमॅटिक है!" सर गरजले.

"तो ऑटोमॅटिक को बोलो ना!" म्हणून तो निघून गेला.

खानिवडे ओलांडेपर्यंत पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून पावावर आला. फ्लॉसीनं तो पाहिला आणि सरांना कोपरानं ढोसलं. पंपावर रांग होती. तिथं वीस मिनिटं गेली. तेवढ्यात प्रिस्कानं मोबाइलवर शोधलं.

"पप्पा, इथे स्पष्ट लिहिलंय. हायवेला ओव्हरड्राइव्ह चालू ठेवायचं. म्हणजे गाडी चौथ्या गिअरमध्ये जाते, इंजिन कमी फिरतं, पेट्रोल कमी लागतं. तुम्ही ते बंद केलंय म्हणून बिचारी तिसऱ्यातच धावतेय!"

"कोणी लिहिलंय?"

"कोणी म्हणजे? गाडीवाल्यांनी."

"त्यांचं इंग्रजी मला माहितीये."

"अहो, दाबून तर बघा एकदा!" फ्लॉसी कळवळून म्हणाली. तिच्या मांडीवरचा केक आता ओळखू येत नव्हता.

"नीट बघ. दिव्यावर 'ऑफ' लिहिलंय आणि दिवा चालू आहे. म्हणजे जे बंद हवं ते बंद असण्याचं काम चालू आहे. याच्यात हात घालायचा नाही."

प्रिस्कानं खोक्याच्या झाकणानं वारा घेतला. घड्याळात साडेनऊ वाजून गेले होते.

मनोरच्या अलीकडे इंजिनाचा आवाज असा चढला की सर स्वतःच घाबरले आणि रस्त्याकडेच्या एका गॅरेजसमोर थांबले. मेकॅनिक जितेश हात पुसत आला. त्यानं सरांना बाजूच्या सीटवर पाठवलं, फ्लॉसीला केकसकट मागे, आणि स्वतः चालवायला बसला. हायवेवर जेमतेम अर्धा किलोमीटर गेल्यावर त्यानं काही न विचारता अंगठ्यानं बटण दाबलं.

पिवळा दिवा विझला. गाडीनं एक हलका हिसका दिला आणि इंजिन एकदम गप्प झालं. चौघांना टायरांची सळसळ ऐकू येऊ लागली. फ्लॉसीचे डोळे भरून आले.

"कोनी दाबलं होतं हे?" जितेशनं विचारलं.

सर खिडकीबाहेर बघू लागले.

"ऑफ करायचं ते चढनीला, नाहीतर मागं वजन ओढायचं असलं तर. सपाट हायवेला नाही. कधीपासून असं चालवताय?"

"चार महिने," प्रिस्का म्हणाली.

जितेशनं सरांकडे मोठ्या आदरानं पाहिलं. "पन सर, गाडी मजबूत आहे हां तुमची."

पैसे घ्यायला तो तयार होईना, बटण दाबायचे कसले पैसे म्हणाला. सरांचा एवढा अपमान फाटकाच्या खांबानंही केला नव्हता. ते फुगूनच पुन्हा स्टिअरिंगवर बसले. पण गाडी मात्र लोण्यासारखी पळत होती. काचा बंद, एसी चालू, इंजिनाचा चकार शब्द नाही. फ्लॉसीला डुलकी लागली. अकराला पाच कमी असताना गाडी डहाणूच्या चर्चसमोर उभी राहिली.

प्रिस्का दिलदार मुलगी. "शब्द म्हणजे शब्द," ती म्हणाली. "गाडी तुमची." सरांनी चावी खिशात टाकली आणि बाळाला हातात घेतलं. बाप्तिस्मा झाला. धर्मपित्याचं उत्तर त्यांनी एवढ्या खणखणीत आवाजात दिलं की बाळ दचकून रडायला लागलं.

मांडवात जेवणं चालू असताना प्रिस्काचा मोबाइल वाजला. गाडीच्या कागदांवर तिचाच नंबर होता. तिनं मेसेज वाचला, हळूच वडिलांकडे पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला. तिला खरंच वाईट वाटलं होतं.

"कोणाचा गं?" सरांनी विचारलं.

"काही नाही. ऑफिसचा."

"रविवारी?" सरांनी मोबाइल उचलला, चष्मा नाकावर सरकवला आणि वाचलं. पोलिसांचं दंडाचं चलन होतं. मनोरच्या पुढे, दहा वाजून बारा मिनिटं, वेग ताशी एकशे चौदा. इंजिन ओरडत नाही म्हटल्यावर आपण किती जोरात चाललोय, हे सरांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"पप्पा, बसा. मम्मी तिकडे आहे, तिला मी सांगणार नाही," प्रिस्का कुजबुजली. "मोबाइल द्या इकडे."

पण सर उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच तेज आलं होतं. मेसेजमधला एक शब्द त्यांना दिसला होता, आणि तो वाचल्यावर गप्प बसणं त्यांच्या हातात नव्हतं.

"फ्लॉसी!" अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असे ते ओरडले. "इकडे ये. हे वाच. सरकारनं लिहिलंय, मी नाही. ओव्हरस्पीड! ओव्हर! ते बटण चालू केलं आणि पाव तासात अति झालं. काय सांगत होतो मी चार महिने?"

फ्लॉसी आली. तिनं मेसेज दोनदा वाचला, केसांवरून हात फिरवला आणि नवऱ्यासमोर तळहात पसरला.

सरांनी खिशातून चावी काढून तिच्या हातावर ठेवली. मग समोर बसलेल्या पाहुण्यांकडे वळून विजयी आवाजात म्हणाले, "बघितलंत? आता मान्य केलं तिनं."