खानविलकर जनरलांनीं निरोपाचे हार घेऊनही चाकरी सोडिली नाहीं त्याची हकीकत

कुलस्वामिनीस नमन करून, छावणींत जैसें कानीं आलें तैसें लिहिलें. शके अठराशें एक्याण्णव, सौम्यनाम संवत्सर, आश्विन मासीं राज्याचे थोरले सेनापति वयपरत्वें उतरले, आणि ती जागा उत्तरेचे जनरल दौलतराव खानविलकर यांसच मिळणार ऐसें सर्वत्रांनीं धरिलें; परंतु जनरल तोंडाचे फटकळ, वजिरांनीं घाटापलीकडे बर्फांत ठाणें बसवावयाचा हुकूम केला तेव्हां भर दरबारीं त्यांस बोलिले होते कीं, "नकाशावर टाचणी टोचायला बर्फ आड येत नाही," तें वजिरांस झोंबलें होतें, म्हणोन सेनापतीचीं वस्त्रें चित्रे जनरलांस जाहलीं. हे चित्रे खानविलकरांचे हाताखालीं शिकलेले. आणि फौजेंत रीत ऐसी कीं, धाकटा डोईवर बसविला तर थोरल्यानें राजीनामा द्यावा, त्यास सलाम करूं नये. मग छावणीनें विचारिलेंही नाहीं. बडा खाना केला, बँड वाजविला, हार घातले, आणि भाषण करितां कर्नलसाहेब रडले. जनरलांनीं हार घेतले, मटण दोनदां वाढून घेतलें, आणि दुसरे दिवशीं नेहमीप्रमाणें कचेरींत येऊन बसले. छावणीचें तोंड पाहण्याजोगें जाहलें.

कारण हें कीं, घाटापलीकडे सुभेदार धोंडिबा शेडगे यांची तुकडी जनरलांचे शब्दावर बसली होती, आणि बर्फानें वाट बुजोन विमानांतून पडेल तोच शिधा. घरीं उमाबाईसाहेब ट्रंका बांधोन बसल्या होत्या, त्या बोलिल्या, "अहो, लोक हसताहेत. त्या कालच्या पोराला सलाम ठोकणार तुम्ही?" जनरल बोलिले, "ठोकीन. मी गेलो तर नवा माणूस येईल, त्याला कामकाज उमजेस्तोवर पोरं तिकडं उपाशी मरतील. उतरवून आणीन म्हणून सांगितलंय मी त्यांना." मग चित्रे पाहणीस आले, आणि खानविलकरांनीं सर्वांदेखत ताठ सलाम केला, मान मात्र लाल जाहली, आणि चित्र्यांचेच डोळे खालीं गेले. त्या हिवाळ्यांत खानविलकरांनीं विमान मागितलें आणि मिळालें नाहीं ऐसें घडलें नाहीं.

वैशाखीं वाट खुली जाहली, तेव्हां जनरल घाटाचे तोंडीं जाऊन उभे राहिले. तुकडी उतरली, सर्वांमागून शेडगे. ते बोलिले, "साहेब, तुम्हाला डावललं ते रेडिओवर ऐकलं. मीच पोरांना म्हटलं, साहेब आता राहायचे नाहीत, शिधा निम्मा करा."

"मग?"

"मग विमान आलं. पोरं जेवेनात. म्हणाली, विमान आलं म्हणजे साहेब राहिले, आपल्यापायी सलाम केला त्यांनी."

जनरलांस रडूं आवरेना. मग जीपच्या बॉनेटावर कागद ठेवोन राजीनामा लिहिला.

एवंच, खानविलकर सेनापति जाहले नाहींत. माणसें सर्व उतरलीं.