झेंड्याची गाठ आणि संभाजीचा नारळ

झेंड्याच्या खांबाला कुणीतरी हळदकुंकू लावलेलं दिसलं आणि सोसायटीचे नवे सेक्रेटरी अनंतराव सकाळी सकाळीच भडकले. बुधवार पेठ सोडून कात्रजला राहायला आल्यापासून त्यांचं डोकं एरवीही तापलेलंच असायचं. त्यात आज सव्वीस जानेवारी, त्यांच्या हातून पहिलंच झेंडावंदन.

"हा ध्वजस्तंभ आहे, म्हसोबा नाही! कुणी केलं हे?"

"म्या," म्हणत संभाजी नारळ घेऊन पुढं आला. सोसायटी त्याच्याच जुन्या शेतात उभी होती. "गावात शाळंच्या झेंड्याला बी नारळ फुटतो. ह्योच तेवढा राहिलाय."

"इथं फुटणार नाही. हे देशाचं काम आहे, देवाचं नाही."

"माझा भाऊ पलटणीत हाय. सुट्टी संपली की नारळ फोडूनच निघतो. अन् तुमी दर चतुर्थीला बस धरून पेठेतल्या गणपतीला जाता, त्ये काय?"

"तो माझा खासगी प्रश्न आहे!"

अनंतराव असे ओरडले की शेजारच्या अख्तरबानूंच्या हातातला जिलब्यांचा डबा हलला. गेल्या वर्षी संभाजीनं बांधलेला झेंडा वेळेआधीच सुटला होता, म्हणून यंदा फुलं भरून गाठ अनंतरावांनी स्वतः मारली होती. चांगली करकचून.

त्यांनी दोरी ओढली. झेंडा ढिम्म. पुन्हा ओढली. सगळी सोसायटी माना वर करून बघत राहिली. आज फजिती झाली तर हे लोक जन्मभर सांगत बसतील, या विचारानं अनंतरावांच्या अंगाची लाही लाही होत होती.

"फोडू का?" संभाजीनं विचारलं.

"खबरदार!"

पण आता संभाजीचाही पारा चढला. त्यानं खांबाच्या चौथऱ्यावर नारळ दाणकन हाणला. अनंतराव दचकले, दोरीला जबर हिसका बसला आणि झेंडा उघडला. फुलं दोघांच्याही डोक्यावर पडली.

"बघितलं? नारळ!"

"नारळ कसला डोंबलाचा! हिसका! माझा हिसका!"

"अहो, झेंड्याकडे बघा तरी कुणी!" अख्तरबानू वैतागून म्हणाल्या आणि त्यांनीच राष्ट्रगीत सुरू केलं. भांडण जागच्या जागी थांबलं. दोघं ताठ उभे, डोळे मात्र वटारलेले. संभाजीच्या हातातल्या फुटक्या नारळाचं पाणी त्याच्या नव्या विजारीवर ओघळत होतं, पण हलायची सोय नव्हती.

राष्ट्रगीत संपलं. संभाजीनं खोबऱ्याचा तुकडा पुढं केला. अनंतरावांनी तो जवळजवळ ओढूनच घेतला आणि कचाकचा चावला.

"पंधरा ऑगस्टला नारळ वेळेवर आणा," ते गुरगुरले. "उशीर खपवून घेतला जाणार नाही."

"आणतो की," संभाजी विजार झटकत म्हणाला. "पण गाठ आमी मारणार."